बूस्टर बांधू नका, टेकवा: पाण्याच्या रॉकेटला सुटणारे बूस्टर

सोड्याच्या बाटलीचं, पाण्यावर आणि दाबाच्या हवेवर उडणारं रॉकेट आता बऱ्याच शाळांमध्ये होतं. पुढची पायरी म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जास्तीचा जोर देणारी छोटी रॉकेटं, लावायचे आणि त्यांचं काम संपलं की ते हवेतच सुटून पडले पाहिजेत. इथे बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. बूस्टर पडू नये म्हणून रबर, चिकटपट्टी, दोरा असं काहीतरी लावलं जातं, आणि मग तो सुटतच नाही. बूस्टर बांधायचा नसतो, टेकवायचा असतो. त्याला वर धरून ठेवणारा एकच जोर असावा, तो म्हणजे त्याचा स्वतःचा रेटा. रेटा संपला की धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो आपोआप मागे राहतो. ही एक गोष्ट नीट समजली की बाकी सगळं मोजमापाचं आणि सफाईचं काम आहे.

आधी इंधनाबद्दल स्पष्ट बोलू. शोराखार, साखर, फटाक्यांची दारू असलं काही घरी कालवायचं नाही. परवान्याशिवाय स्फोटक मिश्रण बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बोटं, डोळे जातात ते वेगळंच. शिवाय बूस्टरचं सगळं शास्त्र पाण्यावर जसंच्या तसं शिकता येतं.

जोराचा हिशोब

मधल्या मुख्य रॉकेटला सव्वादोन लिटरची सोड्याची बाटली आणि बूस्टरला सव्वा लिटरच्या दोन बाटल्या घ्या. बाटली फक्त गॅसवाल्या पेयाचीच हवी. साध्या पिण्याच्या पाण्याची बाटली पातळ असते, ती दाबाला टिकत नाही. तिन्ही बाटल्यांना ९ मिलिमीटर भोकाचं एकसारखं नॉझल, म्हणजे पाणी बाहेर पडायचं तोंड, लावायचं. मुख्य बाटलीत ७०० मिली पाणी, प्रत्येक बूस्टरमध्ये ४०० मिली, म्हणजे बाटलीचा साधारण एक तृतीयांश भाग. दाब ७० पीएसआय.

७० पीएसआयला पाणी नॉझलमधून सेकंदाला सुमारे ३१ मीटर वेगाने निघतं. ९ मिमीच्या भोकातून त्याचा रेटा सुरुवातीला ६१ न्यूटनच्या आसपास, म्हणजे सहा किलो वजन उचलण्याइतका. मुख्य रॉकेट पाण्यासकट सुमारे ९८० ग्रॅमचं (रिकामं २८० ग्रॅम), तर बूस्टर भरलेला ५१० ग्रॅमचा (रिकामा ११० ग्रॅम). आता दोघांना वेगवेगळं सोडलं तर काय होईल ते पाहा. रेट्याला वजनाने भागलं तर मुख्य रॉकेटला ६२ येतात आणि बूस्टरला १२०. म्हणजे बूस्टरला मुख्य रॉकेटच्या पुढे पळायचं असतं. त्याची वाट आपण अडवतो, म्हणून तो मुख्य रॉकेटला ढकलत वर नेतो. हे गणित उलटं झालं, म्हणजे बूस्टर जड आणि त्याचा रेटा कमी असेल, तर तो पहिल्या क्षणालाच मागे पडणार, तुम्ही कितीही सुबक खाच बनवा.

नॉझल सगळ्यांना सारखंच असल्यामुळे ज्याच्यात पाणी कमी त्याचं आधी संपतं. बूस्टरचं पाणी साधारण पाव सेकंदात संपतं, मुख्य रॉकेटचं ०.४ सेकंदाच्या आसपास. पाणी संपल्यावर बूस्टरमधली उरलेली हवा आणखी क्षणभर ढकलते. ती संपते तेव्हा मुख्य रॉकेट अजून जोर लावत असतं, आणि तेवढ्यात बूस्टर मागे सरकतो. दोघांचा जोर एकदमच संपला तर सुटणं फक्त हवेच्या अडथळ्यावर राहतं. हलका, हवेत जास्त अडणारा बूस्टर तरीही सुटेल, पण रेंगाळत सुटेल आणि रॉकेटच्या पंखांना घासत जाईल. म्हणून मुख्य बाटलीतलं पाणी कमी करून वजन वाचवण्याचा मोह टाळा.

इस्रोच्या एलव्हीएम-३ या रॉकेटचे दोन मोठे एस-२०० बूस्टर जळत असतानाच मधली द्रवरूप इंधनाची इंजिनं सुरू होतात आणि बूस्टर त्यानंतर सुटतात. आपल्याकडेही तोच क्रम आहे: बूस्टर सुटताना मधलं रॉकेट जोरात असलं पाहिजे. फरक एवढाच की त्यांना बूस्टर दूर ढकलायला वेगळी यंत्रणा लागते, आपल्याला दोन सळ्या आणि दोन नळ्या पुरतात.

नॉझल आणि बाटली

बागेच्या पाइपला लागणारे प्लास्टिकचे क्विक कनेक्टर मिळतात. त्यातला दोन्ही बाजू नर असलेला जॉइनर घ्या आणि मधून हेक्सा ब्लेडने कापा, पण मधली कड एका अर्ध्याला राहील असा. बाटलीच्या झाकणाला जॉइनरच्या मापाचं भोक पाडून तो अर्धा आतून बाहेर काढायचा. कड आत टेकते, तिच्याखाली ओ-रिंग, आणि बाहेरून एरल्डाइट. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करा. झाकणाचं प्लास्टिक तेलकट स्वभावाचं असतं, त्याला काहीच नीट चिकटत नाही. म्हणून खरा दाब कडेने आणि ओ-रिंगने पेलला पाहिजे, एरल्डाइट फक्त हलू न देण्यापुरतं. कंपनीनुसार आतलं भोक ८ ते १० मिमी निघतं. व्हर्नियर लावून तीन सारखेच निवडा. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने रेटा दहा टक्क्यांहून जास्त बदलतो, आणि दोन बूस्टरमध्ये तेवढा फरक पडला की रॉकेट एका अंगाला कलतं.

बाटलीवर फेव्हिक्विक लावू नका. त्याने पेट, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, ठिसूळ होतं आणि दाबाखाली नेमकं तिथेच तडकतं. ग्लू-गनचा गरम गोंदही नको: एक तर बाटली आखडते, दुसरं म्हणजे आपल्याकडच्या उन्हात तो मऊ पडून पंख हातात येतात. पीयू सीलंट लावा, चोवीस तास हात लावू नका. तो थोडा लवचीक राहतो, आणि बाटली दाबाने फुगते तेव्हा तिच्याबरोबर ताणला जातो.

हे फुगणं लक्षात ठेवा, पुढे त्याचाच सगळा खेळ आहे. ७० पीएसआयला सव्वादोन लिटरच्या बाटलीचा घेर काही मिलिमीटरने वाढतो आणि लांबीही थोडी वाढते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शिंप्याच्या टेपने दिसतं.

प्रत्येक बाटलीची चाचणी पाण्याने काठोकाठ भरून घ्या. आत हवा ठेवायची नाही. मग नळी जोडून १०० पीएसआयपर्यंत दाब द्या आणि दोन मिनिटं थांबा. पाणी दबत नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी नुसती भसकन गळते. तेवढीच हवा असती तर तुकडे उडाले असते. चाचणी झाली की बाटलीवर मार्करने तारीख लिहा. पंपावरचा काटा खोटं बोलतो का ते एकदा पंक्चरवाल्याच्या चांगल्या गेजशी पडताळून घ्या. स्वस्त पंपांचे काटे बऱ्यापैकी चुकतात.

सळी आणि नळी

मुख्य बाटलीला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही. दुसऱ्या तशाच बाटलीचा मधला सरळ भाग कापून ५ सेंमी रुंदीचे दोन पट्टे काढा. एक पट्टा मुख्य बाटलीवर वरच्या बाजूला, दुसरा खालच्या बाजूला, कॉलरसारखा. पट्ट्याची टोकं पॉप रिव्हेटने जोडा, पण बाटलीवर चढवण्याआधी, आणि बूस्टरच्या सळ्या ज्यांत बसतील त्या नळ्याही पट्ट्यालाच रिव्हेट करा. रिव्हेटचं आतलं टोक बाटलीला घासू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. कॉलर थोडी घट्टच असावी. दाब वाढला की बाटली फुगून तिला आणखी आवळते.

नळ्यांना जाड भिंतीच्या रिकाम्या बॉलपेनचं शरीर उत्तम. सळ्यांना त्यात सैलसर जाणारी बांबूची गुळगुळीत काडी. नळीचं तोंड खाली, सळीचं टोक वर. बूस्टर खालून वर सरकवून बसतो आणि खालीच निसटतो.

आता दोन बारकावे. पहिला: रेटा एकाच जोडातून जाऊ द्या. खालची नळी वरून एरल्डाइटने बंद करा. बूस्टरची खालची सळी तिच्यात २५ मिमी जाऊन वर टेकते आणि तिथूनच ढकलते. वरची नळी दोन्हीकडून उघडी ठेवा. तिचं काम फक्त दिशा धरणं. दोन्ही नळ्या बंद केल्या तर जमिनीवर सगळं छान बसतं, पण दाब भरला की बाटल्यांची लांबी वाढते, दोन्ही सळ्या एकाच वेळी टेकेनाशा होतात, एक वाकते आणि आत अडकून बसते. बूस्टर वरपर्यंत सोबत जाऊन रॉकेटबरोबरच खाली येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

दुसरा: वरची सळी आखूड ठेवा, १२ मिमी. बूस्टर मागे सरकू लागला की वरचं टोक आधी मोकळं होतं, खालचं अजून नळीत असतं. त्यामुळे बूस्टरचं नाक बाहेरच्या बाजूला कलतं, हवा त्यात भरते आणि केळीची साल सुटावी तसा तो रॉकेटपासून सोलून निघतो. उलट केलं, म्हणजे खालचं आधी सुटलं, तर शेपूट बाहेर आणि नाक आत, आणि ते नाक सरळ पंखांवर आदळतं.

सळ्या एकमेकींना आणि रॉकेटच्या अक्षाला समांतर हव्यात. तपासायची सोपी रीत म्हणजे मुख्य रॉकेट दोरीने उभं टांगा, रिकामा बूस्टर खालून वर सरकवा आणि हात सोडा. ११० ग्रॅमचा बूस्टर स्वतःच्या वजनाने, न अडखळता खाली पडला पाहिजे. दहापैकी दहा वेळा. एकदा जरी अडला तरी सळी घासा, मेणबत्तीचं मेण लावा, पुन्हा दहा वेळा करा. तेल लावू नका, त्याला आपल्या काळ्या मातीची धूळ चिकटते.

बूस्टरला पंख लावायचे नाहीत. पंख असले तर सुटल्यावर तो बाणासारखा नाक खाली करून येतो. बिनपंखाचा रिकामा बूस्टर गटांगळ्या खात, बराच सावकाश पडतो. टोकाला प्लास्टिकचा अर्धा चेंडू पुरे.

मुख्य रॉकेटला चार पंख, निवडणुकीच्या फलकांना वापरतात त्या सनपॅक शीटचे. मुळाशी १४ सेंमी, टोकाला ७, बाहेर ९ सेंमी. बूस्टर ज्या रेषेत आहेत तिच्याशी ४५ अंशात बसवा, म्हणजे सुटणाऱ्या बूस्टरला वाट मोकळी राहते. स्थिरता दोनदा तपासावी लागते, बूस्टरसकट आणि बूस्टरशिवाय. पुठ्ठ्यावर रॉकेटची बाह्याकृती काढून कापा आणि पट्टीच्या धारेवर तोला. जिथे तोलते तो ढोबळ दाबमध्य, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा. खरं रॉकेट दोरीवर तोलून गुरुत्वमध्य काढा. गुरुत्वमध्य दाबमध्यापेक्षा निदान एका बाटलीच्या जाडीइतका, म्हणजे ११ सेंमी, नाकाकडे हवा. बूस्टर लागले की दाबमध्य सरकतो, म्हणून त्यांच्यासकटचा पुठ्ठाही वेगळा कापायचा. हा पुठ्ठा कापायचा कंटाळा करू नका.

तिन्ही एकदम सोडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. १८ मिमी प्लायच्या फळीवर तीन मादी क्विक कनेक्टर एका रेषेत, एकमेकांपासून साधारण १०५ मिमीवर. नक्की माप स्वतःच्या बाटल्या शेजारी ठेवून घ्या. कनेक्टर पाणी अडवणाऱ्या झडपेचे नकोत, साधे हवेत. त्याची कॉलर खाली ओढली की नर भाग सुटतो. तीन कॉलर एकदम ओढायला वरून एक पट्टी, तीन भोकांची, ६ मिमी जाड ॲल्युमिनियमची. कॉलरला पट्टी अडकेल अशी कड नसेल तर तिच्यावर होज क्लिप आवळा. पट्टीच्या दोन्ही टोकांना उभे ८ मिमीचे आटे पाडलेले रॉड, म्हणजे ती सरळच खाली येईल. दोन टोकांना दोन दोऱ्या, फळीखाली त्यांची एक गाठ, आणि तिथून कप्पीवरून १० मीटर लांब एक दोरी.

आता एवढं का, ते आकड्यांत. समजा एक बूस्टर अडकला आणि उरलेले दोघे निघाले. त्यांचा वेग दर सेकंदाला सुमारे ७२ मीटर प्रति सेकंद एवढ्याने वाढतो. १२ मिमीची वरची सळी नळीतून बाहेर यायला फक्त १८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक कनेक्टर तेवढा जरी उशिरा सुटला तरी तो बूस्टर वरच्या जोडातून निसटतो, आणि रॉकेट एकाच बाजूच्या रेट्याने आडवं पडतं. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये १८ मिलिसेकंद म्हणजे जेमतेम चार फ्रेम. पहिल्या उड्डाणाआधी नुसती पट्टी ओढून, बाटल्यांशिवाय, तिचं चित्रण करा. तिन्ही कॉलर दोन फ्रेमच्या आत तळाला पोहोचल्या पाहिजेत.

कॉलर दाबाखाली जड होतात, आणि तिन्ही सारख्या जड होत नाहीत. पाण्याने भरलेली बाटली जोडून ७० पीएसआय द्या, कॉलरला दोरी बांधून स्प्रिंगच्या काट्याने ओढा. एकीला दीड किलो आणि दुसरीला चार किलो लागत असेल तर पट्टी कितीही सरळ येवो, सुटणं एकदम होणार नाही. जड कॉलरची ओ-रिंग बदला, सिलिकॉन ग्रीस लावा. नाहीच जमलं तर कनेक्टर बदला. एकाच कंपनीचे सहा आणून त्यातले जुळणारे तीन निवडणं सगळ्यात सोपं.

हवेची नळी

खानदेशात घराघरात १६ मिमीची ठिबकची लॅटरल पडलेली असते, आणि हात आधी तिच्याकडेच जातो. जळगाव हे ठिबकचं माहेरघर, ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर सगळं कोपऱ्यावर मिळतं. पण इथे ती वापरू नका. लॅटरल कमी दाबासाठी असते, नुसत्या दात्यावर बसवलेला जॉइनर ७० पीएसआयला सटकतो आणि नळी चाबकासारखी फिरते. त्याऐवजी ८ मिमीची पीयू ट्यूब आणि पुश फिटिंग घ्या. एमआयडीसीच्या आसपास कॉम्प्रेसरचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. नाहीतर फवारणीच्या एचटीपी पंपाची नळी. ती याहून किती तरी जास्त दाबाची असते, फक्त टोकांना होज क्लिप आवळून लावायची.

पंपापासून एक नळी, फळीजवळ तिच्या तीन शाखा. प्रत्येक शाखा कनेक्टरला जाण्याआधी बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, साधारण अर्धा मीटर उंच उलट्या यू आकारात नेऊन मग खाली आणा. बाटल्या उलट्या असल्यामुळे पाणी नळीत उतरतं. ही कमान नसली तर एका बाटलीतलं पाणी दुसरीत जाऊन दोन्ही बूस्टरमधलं माप बिघडतं. कमानीसाठी मागे एक बांबू रोवला की झालं. पंपाच्या टोकाला, तुमच्या हाताशी, एक दाब सोडायची तोटी हवीच. सुटलं नाही, काही गळतंय, वाऱ्याने दिशा बदलली, असं काहीही झालं तर जागेवरून तोटी उघडायची. आधी पाणी येईल, मग हवा. काटा शून्यावर आल्याशिवाय रॉकेटजवळ जायचं नाही.

पाणी सिरिंजने किंवा औषधाच्या मापाने मोजा. दोन्ही बूस्टरमध्ये १० मिलीपेक्षा जास्त फरक नको. बाटली सरळ धरून भरायची, नॉझलवर अंगठा दाबून उलटी करायची. चार थेंब सांडतील, चालेल. आधी बूस्टरच्या सळ्या मुख्य रॉकेटच्या नळ्यांत खालून वर घालायच्या, मग तिन्ही बाटल्या एकदम कनेक्टरवर खट्कन बसवायच्या.

परतीची सोय

पॅराशूटविना हे रॉकेट कधीही सोडू नका. ६० सेंमी व्यासाचं, जुन्या छत्रीच्या कापडाचं, आठ दोऱ्यांचं पॅराशूट २८० ग्रॅमला पुरतं. बाजूला उघडणारं दार, ते धरून ठेवणारा रबरबँड आणि चावीच्या खेळण्यातलं यंत्र टायमर म्हणून. फळीला बांधलेली दोरी उडताना यंत्राची पिन ओढते. या मापाचं रॉकेट साधारण ६० ते ८० मीटर जातं आणि पावणेचार सेकंदांच्या आसपास शिखर गाठतं. टायमर चार सेकंदांवर ठेवा. कापडाला टाल्कम पावडर लावून घडी घाला, दमट घडी उघडत नाही. नाक मऊ हवं, फोमचं. धातूचं, लाकडाचं काही नको.

उंची मोजायला तळापासून ५० मीटर अंतरावर एक जण ओळंबा लावलेला कोनमापक घेऊन उभा करा. शिखराचा कोन ५५ अंश आला तर ५० गुणिले १.४३, म्हणजे ७१ मीटर, अधिक डोळ्यांची उंची. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचं गणित शिकवण्यासाठी मठ चालवल्याचं कोरलं आहे. त्या मातीत मुलांच्या हातात कोनमापक देऊन त्रिकोणमिती शिकवायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. दोन बाजूंना दोघं उभे केले तर रॉकेट कललं तरी उंची नीट निघते.

वावर, वारा, ऊन

जागा म्हणजे नुकतंच वखरलेलं मोकळं वावर, चारी बाजूंनी निदान शंभर मीटर. भुसभुशीत माती पडणाऱ्या बूस्टरला गादीसारखी झेलते. पऱ्हाटी उपटली नसेल तर ते वावर नको. तिच्या उभ्या खुंटावर बाटली पडली की ओरखडा पडतो, आणि ओरखडा पडलेली बाटली बाद. केळीची बाग जवळ असेल तर वारा बागेकडे वाहत नाही ना ते बघा. पॅराशूट केळीत उतरलं की पानं फाटतात आणि शोधायला गेलेल्यांच्या पायाखाली ठिबक तुटते. शेतमालकाला आधी विचारणं यातच आलं. विजेच्या तारा, रेल्वेमार्ग, जळगावचं विमानतळ, धुळे-शिरपूरच्या धावपट्ट्या यांच्यापासून लांब राहा. तारेवर अडकलेलं रॉकेट काढायला कुणीही चढायचं नाही. ते गेलं समजा.

हिवाळ्यातली सकाळ, सात ते नऊ, सर्वात चांगली. वारा नसतो आणि बाटल्या थंड असतात. उन्हाळ्यात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास मुलं सुट्टीवर असतात, उडवायचा आग्रह होतो, पण दहा वाजले की वावटळी उठायला लागतात. वावटळ पॅराशूट सहज दोन वावरं पलीकडे नेते. आणि ऊन: पेट प्लास्टिक ७५ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात ४४-४५ अंशांत उघड्यावर ठेवलेली, वर काळी टेप गुंडाळलेली बाटली त्या दिशेने बरीच पुढे गेलेली असते. बाटल्या ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. हात लावून कोमट लागली तर दाब भरू नका. भरलेलं रॉकेट उन्हात उभं ठेवून फोटो काढत बसू नका.

दोरी ओढणारा १० मीटरवर, डोळ्यांवर चष्मा. बघणारे ३० मीटरवर, आणि सगळे वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडे. बूस्टर कुठे पडताहेत ते बघायला दोघांना वेगळं काम द्या. सगळ्यांचे डोळे मुख्य रॉकेटवर असतात आणि बूस्टर नेमका पाठीमागून येतो.

पहिलं उड्डाण बूस्टरशिवाय करा, ५० पीएसआयवर. दुसरं बूस्टर लावून, ५० वरच. ते सरळ गेलं आणि चित्रणात बूस्टर नाक बाहेर काढत सुटताना दिसले तरच ७०. स्लो-मोशन बाजूने घ्या, बूस्टरच्या रेषेला काटकोनात उभं राहून, नाहीतर एक बूस्टर रॉकेटच्या आड लपतो. बघायचं ते हे: फळीवरून तिन्ही धारा एकाच फ्रेममध्ये निघतात का, मग बूस्टरच्या पांढऱ्या धारेचं धुकं होतं (पाणी संपून हवा आली), आणि त्या धुक्यानंतर किती फ्रेमनी सळी आणि नळीमध्ये फट दिसते. दोन्ही बाजूंची फट एकाच वेळी दिसली तर पाण्याचं माप बरोबर. एका बाजूची आधी दिसली तर त्या बूस्टरमध्ये पाणी कमी आहे, नॉझल मोठं आहे किंवा झाकण गळतंय. गळती शोधायला चूळभर साबणाचं पाणी पुरतं. फट दिसलीच नाही तर पुन्हा टांगून दहा वेळा पाडायची चाचणी, आणि बाटलीवरची कॉलर फिरून सळ्या तिरक्या झाल्या नाहीत ना ते बघा. आदळल्यावर कॉलर हमखास फिरते. म्हणून बाटलीवर आणि कॉलरवर मिळून मार्करची एक उभी रेघ मारून ठेवा, ती तुटलेली दिसली की लगेच कळतं.

प्रत्येक उड्डाणानंतर बाटलीवर बोट फिरवा. ओरखडा, पांढरी सुरकुती, तळाशी केसासारखी भेग, यातलं काहीही जाणवलं तर ती बाद. काही नसलं तरी दहा-बारा उड्डाणांनंतर बदला. बाद बाटली फेकायची गरज नाही, तिचा मधला पट्टा पुढच्या कॉलरला येतो. मात्र ती पिशवीत परत टाकण्याआधी तिथेच वावरात तिचं तोंड कापून टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी चुकून तिच्यात हवा भरणार नाही.